नरकाचे तोंड, १ नग : एका नाटक कंपनीची १५९८ सालची सामानयादी

१/११
१० मार्च १५९८. लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील 'रोझ' नाट्यगृहात खेळ करणाऱ्या 'ॲडमिरल्स मेन' या नाटक कंपनीच्या सामानाची मोजदाद झाली. खडक १, पिंजरा १, थडगे १, नरकाचे तोंड १, अशा नोंदी त्या यादीत ओळीने येतात. पुढे रोम शहर आहे, सोन्याच्या सफरचंदांचे झाड आहे, एक काळा कुत्रा आहे. पेनी-पेनीने गल्ला जमवणाऱ्या मंडळींनी हे सारे कसे उभे केले, याची ही कहाणी.

२/११
यादी ज्याच्या कागदपत्रांत होती तो फिलिप हेन्स्लो हा 'रोझ'चा मालक. कंपनीला तो उसने पैसे देई, प्रत्येक रक्कम वहीत लिही आणि पुढे उत्पन्नातून वसूल करी. पिटात उभे राहून नाटक पाहायला एक पेनी पडे. एका पौंडात २४० पेन्स. म्हणजे पौंडाची वस्तू घ्यायची तर २४० माणसांची पेनी त्यात जाई.

३/११
त्यातच रोज नवा खेळ लावावा लागे. १५९० च्या दशकात ही कंपनी वर्षाला तीसहून अधिक निरनिराळी नाटके करत होती, आणि एकच नाटक लागोपाठ दोन दिवस क्वचितच होई. न चाललेले नाटक चार-सहा प्रयोगांतच बंद पडे. अशा नाटकासाठी खास वस्तू करून घेतली, तर ती अडगळीत जाई आणि कर्ज मात्र वहीत उरे. प्रॉपर्टीचा प्रश्न हा कंपनीच्या तगण्याचा प्रश्न होता.

४/११
त्यावरचा पहिला उपाय म्हणजे अनेक नाटकांना चालतील अशा वस्तू. यादीत सम्राटाचे मुकुट ३, साधा मुकुट १, सूर्य असलेला मुकुट १ आणि भुताचा मुकुट १ आहे. राजे बदलत, मुकुट तेच राहत. थडगे, पलंग, शवपेट्या, शेवाळलेले उंचवटे यांचेही तसेच. शोकांतिका कोणतीही असो, शवपेटीला काम मिळणारच.

५/११
दुसरा उपाय म्हणजे अंशावरून पूर्णाची ओळख. यादीत डोकीच डोकी आहेत : बैलाचे, रानडुकराचे, सिंहाची दोन, ग्रीक पुराणातील नरकाचा पहारेकरी कुत्रा सर्बेरस याची तीन. शिवाय सिंहाचे आणि अस्वलाचे कातडे आहे. नेपच्यूनसाठी त्रिशूळ आणि माळ, मर्क्युरीसाठी पंख, क्यूपिडसाठी धनुष्य आणि भाता. देव उभा करायला त्याची खूण पुरे. अंगाचे काम नट करी.

६/११
तिसरा उपाय नकलेचा. मध्य आशियातून उठून राज्यामागून राज्ये जिंकत जाणाऱ्या टॅम्बर्लेनचा अंगरखा यादीत आहे, पण त्याची किनार तांब्याची आहे. अस्सल सोनेरी किनारीऐवजी तांब्याची लावली तरी दुपारच्या उन्हात, पिटातून पाहताना, ती सोन्यासारखीच लखलखे. यादीत एक लाकडी कुऱ्हाड आहे आणि एक चामड्याची. 'रोम शहर' म्हणजे बहुधा रंगवलेले कापड असावे, असे अभ्यासक मानतात.

७/११
मग पैसा जाई कुठे? कापडात. १५९९ मध्ये लंडनला आलेला स्विस प्रवासी थॉमस प्लाटर लिहितो, की सरदार आपली उंची वस्त्रे मृत्युपत्राने नोकरांना ठेवत. नोकरांना ती अंगावर घालणे शोभत नसे, म्हणून ते ती नटांना स्वस्तात विकत. तरीही नवे कापड महागच पडे. हेन्स्लोच्याच पैशांवर चालणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीने १६०३ मध्ये थॉमस हेवुडला एका नाटकाबद्दल ६ पौंड दिले. त्याच नाटकाच्या नायिकेच्या काळ्या मखमली झग्याला ६ पौंड १३ शिलिंग लागले. नाटककारापेक्षा झगा महाग पडला!

८/११
रक्ताचा प्रश्न इथेच येतो. 'द बॅटल ऑफ अल्काझार' या नाटकाच्या, नेपथ्याआडच्या मंडळींसाठी लिहिलेल्या प्रवेश-तक्त्यात तीन कुप्या रक्त आणि मेंढीचे काळीज, यकृत, फुप्फुसे यांची मागणी नोंदवलेली आहे. खाटिकाकडचा हा माल स्वस्त. पण त्याचा एक शिंतोडा मखमलीवर उडाला, तर झग्याची किंमत बुडाली. खरे रक्त वापरताना हिशेब रक्ताचा नसे, कपड्यांचा असे.

९/११
एकाच नाटकापुरत्या वस्तूही होत्या. त्यांची नावेच ते सांगतात. 'फॉस्टसमधला ड्रॅगन' आणि 'ज्यूसाठी कढई' या दोन्ही ख्रिस्तोफर मार्लोच्या नाटकांतल्या. 'द ज्यू ऑफ माल्टा'चा नायक बराबस शेवटी स्वतःच रचलेल्या सापळ्यातून कढईत पडतो. तिथे कढईवाचून अंकच पुरा होत नाही. ही नाटके वर्षानुवर्षे गर्दी खेचत, म्हणून खर्च फिटे. पण थॉमस डेकरच्या 'फेथॉन' या नव्या नाटकासाठीही त्याचा रथ आणि त्याचे अवयव करून घेतलेले दिसतात. नाटक विकत घेतले ४ पौंडांना, जानेवारी १५९८ मध्ये. दोनच महिन्यांनी सामान यादीत आले. तो सरळसरळ जुगार होता.

१०/११
सर्वांत विलक्षण नोंद मात्र हेन्स्लोच्या त्याच सुमाराच्या एका खरेदीची आहे : 'अदृश्य होण्यासाठी झगा'. दुसऱ्या एका पोशाखासह त्याची किंमत ३ पौंड १० शिलिंग. कुशल कारागिराची दिवसाची मजुरी तेव्हा शिलिंगभर होती. झगा अंगावर येताच नट दिसेनासा होई असे मुळीच नाही; उलट तो सर्वांना लख्ख दिसे. 'हा झगा घातलेला माणूस इतर पात्रांना दिसत नाही' एवढा करार प्रेक्षकांनी मनोमन केलेला असे. ड्रॅगन, रोम, नरक यांच्या मुळाशीही हाच करार होता. तांब्याचे सोने प्रेक्षक करत, आणि त्याबद्दल कंपनीला पैसे मोजावे लागत नसत. उलट पेनी प्रेक्षकच देत. पण करारासाठी खूण लागे, आणि ती खूण नीटनेटकी असावी लागे. म्हणूनच साडेतीन पौंड.

११/११
१६०० मध्ये कंपनी 'फॉर्च्युन' या नव्या नाट्यगृहात गेली. ९ डिसेंबर १६२१ च्या रात्री ते जळाले, आणि कंपनीच्या वारसदार मंडळींचे कपडे व नाटकांच्या प्रती त्यात खाक झाल्या. हेन्स्लोची जमाखर्चाची वही डलिच कॉलेजात आजही सुरक्षित आहे. सामानयादीचा मूळ कागद मात्र हरवला. एडमंड मलोन या अभ्यासकाने १७९० मध्ये ती छापली म्हणून मजकूर तेवढा राहिला. 'फेथॉन' नाटकाची संहिताही आज उपलब्ध नाही. त्याचा रथ आणि त्याचे अवयव मात्र यादीत शिल्लक आहेत. ज्या नाटकाचा एक शब्दही उरला नाही, त्याची साक्ष आता सामानाच्या नोंदी देतात.