फौजदारी कायद्याची परिभाषा: फिर्यादीपासून निकालापर्यंत

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा हा गुजरात सीमेलगतचा आदिवासीबहुल तालुका. येथील अनेक कुटुंबे हंगामात मजुरीसाठी दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत जातात. परमुलखात गुन्ह्याचा प्रसंग ओढवल्यास पोलीस ठाण्यातील शब्दांचा अर्थ ठाऊक नसणे महागात पडते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. परिभाषा मात्र बहुतांशी तीच राहिली.

दखलपात्र गुन्हा: यात पोलिसांना वॉरंटविना अटक व न्यायालयाच्या आदेशाविना तपास करता येतो. साधी मारहाण अदखलपात्र असते. तिच्या तपासास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

प्रथम खबर (एफआयआर): दखलपात्र गुन्ह्याची पहिली नोंद. कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. निफाडला घडलेल्या गुन्ह्याची खबर सुरगाण्यातही देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठविली जाते. खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते.

जामीनपात्र गुन्हा: यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असे नव्हे. तो निर्णय न्यायालयाचा असतो. दखलपात्र गुन्हा अजामीनपात्रच असतो, हाही गैरसमज आहे. बेदरकारपणे वाहन चालविणे दखलपात्र, तरीही जामीनपात्र आहे.

कोठडी: अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत आरोपीस दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपर्यंतच देता येते. न्यायालयीन कोठडीत आरोपी कारागृहात असतो.

दोषारोपपत्र: तपासाअंती पोलीस न्यायालयात सादर करतात तो अहवाल. आरोपी कोठडीत असताना तो ६० दिवसांत, गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत, सादर न झाल्यास जामिनाचा हक्क प्राप्त होतो. हा जामीन आपोआप मिळत नाही. दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी अर्ज न केल्यास हक्क निसटतो.

आरोपी व दोषी: गुन्हा सिद्ध होईपर्यंत व्यक्ती केवळ आरोपी असते. पुराव्याअभावी खटलाच न चालविता सोडणे म्हणजे आरोपमुक्ती. खटल्याअंती सोडणे म्हणजे निर्दोष मुक्तता.

विधी सेवा: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जमातींच्या व्यक्ती, महिला, बालके व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जामिनाचा अर्ज मुदतीत व्हावा, यासाठी पहिल्या हजेरीलाच त्याची मागणी करणे हिताचे.