शनीच्या चंद्रावरील नद्या

नदी म्हटली की पाणी आलेच, असे आपण धरून चालतो. शनीचा सर्वांत मोठा उपग्रह जो टायटन, तेथे हा नियम चालत नाही. तेथे नद्या आहेत, त्यांना उपनद्या मिळतात, त्या समुद्राला जातात. परंतु त्यांतून वाहतो तो मुख्यतः द्रवरूप मिथेन. आपल्या गोबरगॅसमध्ये जो जळतो तोच हा वायू. तेथे थंडी उणे १७९ अंश सेल्सिअस. त्यामुळे मिथेन वाहतो, आणि पाणी दगडासारखे टणक होऊन बसते. या नद्या माणसाला कशा दिसल्या, याचा इतिहास मोठा वळणावळणांचा आहे.

१६५५ साली हायगेन्स या डच ज्योतिर्विदाने टायटन शोधला. पुढे जवळजवळ तीन शतके तो दुर्बिणीतला एक ठिपकाच होता. १९४४ साली कायपर याने वर्णपटावरून तेथे मिथेन वायू असल्याचे दाखविले, तेव्हा कोठे त्या ठिपक्याला वातावरण आहे हे निश्चित झाले.

नोव्हेंबर १९८० मध्ये अमेरिकेचे व्हॉयेजर-१ टायटनपासून सुमारे साडेसहा हजार किलोमीटरांवरून गेले. या भेटीची किंमत मोठी होती. टायटनजवळून जाणारा मार्ग निवडल्यावर यान ग्रहांच्या प्रतलाबाहेर फेकले जाणार होते, म्हणजे प्लुटोकडे जाण्याची संधी गेलीच. (प्लुटोजवळ यान पोचायला मग २०१५ साल उजाडले.) एवढा त्याग करून छायाचित्रांत काय मिळाले? नारिंगी धुके! जमिनीचा एक तुकडाही दिसला नाही. तथापि इतर उपकरणांनी तेथील तापमान आणि हवेचा दाब मोजला, आणि त्या दोन आकड्यांवरून मिथेन तेथे द्रवरूपात राहू शकेल हे उघड झाले.

येथून तर्काचे राज्य सुरू झाले. सूर्यप्रकाशाने उंचावरचा मिथेन सतत मोडतो आणि काही कोटी वर्षांत तो संपावयास हवा. तो अजून शिल्लक आहे, अर्थात खाली कोठे तरी साठा असला पाहिजे. शिवाय मोडलेल्या मिथेनपासून झालेला इथेनही खाली साचला पाहिजे. १९८३ मध्ये ल्युनाइन, स्टीव्हन्सन आणि युंग यांनी हिशेब मांडला, की टायटनभर सुमारे एक किलोमीटर खोल इथेनचा महासागर असावा. हिशेबात खोट काढणे कठीण होते. पण १९९० मध्ये पृथ्वीवरून सोडलेल्या रडारलहरींचे प्रतिध्वनी असे काही आले, की अखंड महासागराशी त्यांचा मेळ बसेना. १९९४ मध्ये हबल दुर्बिणीला अवरक्त प्रकाशात ऑस्ट्रेलियाएवढा एक उजळ प्रदेशही दिसला. या चुकीबद्दल ल्युनाइनादिकांना हसावे असे मला वाटत नाही. द्रव आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. किती आहे आणि कोठे आहे, हे मात्र न पाहता सांगणे कोणालाच शक्य नव्हते.

१४ जानेवारी २००५ रोजी 'हायगेन्स' नावाचेच युरोपीय यान छत्रीच्या आधाराने त्या धुक्यातून खाली उतरले. समुद्रात पडलेच तर थोडा वेळ तरंगावे, अशी त्याची रचना होती. ते उतरले ओलसर वाळूसारख्या जमिनीवर. उतरता उतरता घेतलेल्या चित्रांत, उजळ डोंगरांवरून झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले काळे ओहोळ स्पष्ट दिसले. जमिनीवर बर्फाचे गोटे पडले होते, आणि ते गोल होते! नदीकाठी वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. प्रवाहात घासल्यावाचून गोटा गोल होत नाही.

तरी ते ओहोळ तेव्हा कोरडे होते. भरलेल्या नद्या सापडल्या त्या उत्तर ध्रुवाकडे. कॅसिनी यानाच्या रडारने २००६ मध्ये तेथे सरोवरे टिपली. २०१२ मध्ये विड फ्लुमिना नावाची चारशे किलोमीटरांहून लांब नदी लिजिया समुद्राला मिळताना दिसली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांवरून कळले, की तिच्या आणि उपनद्यांच्या घळी रुंदीला एक किलोमीटरहून कमी, पण खोलीला ५७० मीटरांपर्यंत आहेत, आणि तळाशी द्रव आहे. तेथील नद्यांना पुराणकथांतील नद्यांची नावे देतात; एकीचे नाव सरस्वती आहे.

हिशेबातला तो इथेन मात्र सापडलेला नाही. लिजिया समुद्र बहुतांशी मिथेनचाच निघाला. ड्रॅगनफ्लाय हे उडते यान २०२८ मध्ये टायटनकडे पाठविण्याची अमेरिकेची योजना आहे. परंतु ते उतरणार विषुववृत्ताजवळच्या वाळूच्या टेकड्यांत, या नद्यांपासून फार दूर.