फंक्शन आत घेताना
(एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना)

राजमाचीच्या डोंगरातून कोंडाण्याकडे उतरणाऱ्या एखाद्या ओढ्यात सेकंदाला किती पाणी वाहते, हे मोजायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. ओढ्यात आडवा पत्रा बसवायचा, त्याच्या मधोमध ९० अंशांची खाच कापायची आणि थोडे मागे, पाणी संथ असेल तिथे, खाचेच्या टोकापासून पातळी किती वर आहे ते वाचायचे. पाणलोटाच्या कामात याला सगळे व्ही-नॉच म्हणतात. पातळी मीटरमध्ये घ्या, तिचा अडीचावा घात काढा, १.३८ ने गुणा. येणारे उत्तर घनमीटर प्रतिसेकंद. पातळी १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर, २० सेंटिमीटर असेल तर २४.७ लिटर. पातळी दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढते, म्हणून पातळीतली छोटी चूकही हिशेबात मोठी होऊन बसते.

हे गणित वहीत करता येते. पण दर सेकंदाला पातळी वाचणारी पेटी ओढ्याकाठी ठेवायची असेल, तर तिच्यातल्या चिपला ते शिकवावे लागते. ईएसपी८२६६ ही अशा कामाची स्वस्त चिप, आणि तिच्यावर नोडएमसीयू हे फर्मवेअर घातले की लुआ भाषेतल्या स्क्रिप्ट थेट चालतात. मोजणीचा नियम बदलला तर फर्मवेअर पुन्हा भरावे लागत नाही, चार ओळींची स्क्रिप्ट बदलली की भागते. मात्र चिपवर जागा इतकी अपुरी असते की लुआ ५.१ वर आधारलेल्या या फर्मवेअरमधून त्रिकोणमितीची फंक्शन गाळलेली आहेत. खाच ९० ऐवजी ६० अंशांची निघाली की सूत्रात अर्ध्या कोनाचा टॅन येतो, आणि भाषेत टॅनच नाही. मग तो आपण सी भाषेत लिहून इंटरप्रिटरमध्ये बसवायचा. हे पुस्तक ज्या अभ्यासक्षेत्राचे दार उघडते, ते इथून सुरू होते.

वाचकहो, या दारातून आत यायला गणितातली किंवा संगणकशास्त्रातली पदवी लागत नाही. सीची तोंडओळख असावी, आणि उत्तर बरोबर आहे का, असे स्वतःला पुन्हा पुन्हा विचारण्याची सवय असावी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे.

दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात राहण्यासाठीच भाषा घडवायची, ही कल्पना चांगली जुनी आहे. जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कली विद्यापीठात १९८८ मध्ये टीसीएलचे काम सुरू केले, ते प्रत्येक साधनासाठी नवी आणि अर्धीकच्ची आज्ञाभाषा लिहिण्याचा कंटाळा आल्यामुळे. लुआ १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात रोबेर्तो येरुसालिम्स्की, वाल्देमार सेलेस आणि लुइझ एन्रिके दे फिगेरेदो यांनी घडवली. पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या अभियंत्यांना माहिती भरण्याचे आणि जुळवण्याचे नियम स्वतः लिहिता यावेत, ही त्यामागची गरज होती. दोन्ही भाषांनी एक गोष्ट पहिल्यापासून मान्य केली: आपल्याला सगळे येणार नाही, उरलेले बाहेरचा प्रोग्रॅम देईल. टीसीएलच्या ८.५ या आवृत्तीपासून तर गणिती फंक्शन जोडणे म्हणजे ठरावीक नेमस्पेसमध्ये एक आज्ञा तयार करणे, एवढेच उरले.

आपल्याकडचे उदाहरण पवईत आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सायलॅब या मुक्त गणिती प्रणालीसाठी ऑप्टिमायझेशनचा टूलबॉक्स तयार केला. आतले अवघड काम कॉइन-ओआर या संग्रहातल्या सिम्फनी, आयपॉप्ट यांसारख्या तयार लायब्ररी करतात. टूलबॉक्सकर्त्यांचे खरे काम मधल्या दुव्याचे, ज्याला सायलॅबवाले गेटवे म्हणतात. सायलॅबची मॅट्रिक्स तिकडच्या साच्यात न्यायची, आलेले उत्तर परत सायलॅबच्या साच्यात आणायचे, आणि उत्तर निघालेच नाही तर वापरणाऱ्याला तसे स्पष्ट सांगायचे. नव्याने शिकणाऱ्याला मी नेहमी सांगतो की गणित तयार मिळू शकते, दुवा मात्र स्वतःच घडवावा लागतो.

कोंडाण्याच्या लेण्यात याचे एक दृश्य रूप आहे. तिथल्या चैत्यगृहाच्या दगडी कमानदार छताला प्राचीन कारागिरांनी खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्या होत्या. लाकूड फुगते, आकसते, कुजते. दगड तसा वागत नाही. ज्याला दोन्ही पदार्थांचे स्वभाव ठाऊक होते, त्यालाच तो सांधा जमला. सी आणि लुआ यांचे तसेच आहे. सीमध्ये प्रकार आधी ठरलेला असतो आणि स्मृती आपण मोकळी करायची असते. लुआमध्ये प्रकार मूल्याबरोबर फिरतो आणि स्मृती भाषा स्वतः आवरते.

सांधा प्रत्यक्षात असा बसतो. लुआ आपल्या सी फंक्शनला एक स्टॅक देते. त्यावरचे पहिले मूल्य आपण ‘चेकनंबर’ने उचलायचे, हिशेब करायचा, ‘पुशनंबर’ने उत्तर वर ठेवायचे आणि किती उत्तरे ठेवली तो आकडा परत द्यायचा. नंतर ‘रजिस्टर’ करून नाव दिले की स्क्रिप्टमधून त्या फंक्शनला ते भाषेतलेच असल्यासारखी हाक मारता येते. एवढ्यात फंक्शन चालू लागते आणि बरेच जण इथेच थांबतात. माझ्या मते खरे काम इथून पुढे आहे.

‘चेकनंबर’ला संख्या मिळाली नाही की ते लुआची चूक उठवते. साध्या सीमध्ये बांधलेल्या लुआत ही चूक लाँगजंपने उडी मारून थेट बाहेर पडते. त्याआधी आपण मॅलॉकने स्मृती घेतली असेल, तर ती सोडणारी ओळ कधी चालतच नाही. वर्षभर काठावर राहणाऱ्या पेटीत अशी गळती दिसून येत नाही. पेटी एक दिवस बंद पडते, इतकेच कळते. म्हणून आधी सगळी मूल्ये तपासायची आणि मगच स्मृती घ्यायची, हा क्रम मोडू नये. आणखी एक बारकावा मराठी वापरणाऱ्यांना लगेच भेटेल. मजकूर म्हणून आलेली इंग्रजी अंकांतली संख्या ‘चेकनंबर’ बिनतक्रार स्वीकारते, पण तीच संख्या देवनागरी अंकांत आली तर नाकारते. फॉर्म मराठीत असेल तर अंकांचे रूपांतर दाराबाहेरच करून घ्यावे.

आता व्ही-नॉचकडे परत जाऊ. एप्रिलमध्ये ओढा आटलेला असतो आणि पातळी मोजणारा सेन्सर शून्याच्या आसपास थरथरतो. एखादे वाचन येते उणे ०.००३ मीटर. ऋण संख्येचा अडीचावा घात वास्तव संख्यांत नाही, म्हणून सीचे ‘पॉव’ फंक्शन नॅन देते, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ अशी खूण. नॅन कशातही मिळवला तरी नॅनच उरतो. एका सेकंदाचे ते वाचन दिवसाच्या बेरजेत शिरले की सगळा दिवस गेला, बेरीज पुढे नेली तर महिनाही गेला. प्रोग्रॅम मात्र कुठेही थांबत नाही.

मग अशा वाचनाचे करायचे काय? उणे तीन मिलिमीटर हा सेन्सरचा थरकाप आहे, त्याला शून्य मानणे रास्त. उणे तीस सेंटिमीटर आले तर सेन्सर निखळला आहे; तिथे शून्य लिहिणे म्हणजे खोटा कोरडा दिवस नोंदवणे, आणि त्यावर कुणीतरी पुढे टँकरचा निर्णय घेईल. तिथे चूकच उठवली पाहिजे. ही सीमारेषा कुठे आखायची हे सी सांगत नाही, लुआ सांगत नाही. ते ओढा ओळखणाऱ्याने ठरवायचे आणि फंक्शनमध्ये लिहून ठेवायचे. फंक्शनचे नाव भाषेत दाखल झाले की पुढचा माणूस त्यावर ‘साइन’सारखाच डोळे मिटून विश्वास ठेवणार आहे.

नॅन निदान छापल्यावर दिसतो. त्याहून घातक चुका दिसतही नाहीत. नोडएमसीयूची फक्त पूर्णांक जाणणारी बांधणीही मिळत असे. तिच्यात पाच भागिले दोन याचे उत्तर दोन. घातांक ५/२ असा लिहिला तर अडीचाव्या घाताऐवजी वर्ग होतो आणि तक्रार कुणीच करत नाही. दुसरा सापळा ३२ बिटांच्या अपूर्णांकांचा. त्यांत १,६७,७७,२१६ या संख्येत एक मिळवला तरी संख्या तीच राहते. सेकंदाला २४.७ लिटर म्हणजे दिवसाला सुमारे २१ लाख लिटर. आठव्याच दिवशी एकूण बेरीज या मर्यादेला पोहोचते आणि पुढे ओढ्याची धार लहान झाली की तिचे लिटर हिशेबातून गळतात. विल्यम काहान यांनी १९६५ मध्ये सुचवलेली बेरजेची रीत गळालेला भाग वेगळा जपून पुढच्या बेरजेत परत घेते. ती चार ओळींत बसते. शिकणाऱ्याने ती हाताने लिहावी, असा माझा आग्रह आहे.

सगळेच सीमध्ये न्यावे असे मात्र नाही. आधी फंक्शन स्क्रिप्टमध्ये लिहा. ते सेकंदाला शेकडो वेळा लागत असेल, भाषेजवळ नसलेले काही त्याला हवे असेल, किंवा वापरणाऱ्याच्या हातून ते बदलले जाऊ नये असे वाटत असेल, तरच आत न्या. आत नेलेली प्रत्येक गोष्ट भाषेच्या पुढच्या आवृत्तीबरोबर पुन्हा तपासावी लागते. लुआ ५.३ ने २०१५ मध्ये पूर्णांक हा वेगळा उपप्रकार आणला आणि जुन्या ‘पॉव’, ‘कॉश’सारख्या गणिती फंक्शनना निरोपाच्या यादीत टाकले, तेव्हा अनेकांना आपले दुवे उघडून बसावे लागले.

वाचायला सुरुवात लुआच्या ‘एलमॅथलिब डॉट सी’ या फाइलपासून करावी. ती छोटी आहे आणि तिच्यात उगाच लिहिलेली ओळ नाही. पहिल्यांदा केवल मूल्याचे ‘अॅब्स’ पाहा: सर्वांत लहान ऋण पूर्णांकाला धन जोडीदारच नसतो, म्हणून तिथे वजाबाकी चिन्हरहित प्रकारात केलेली दिसेल. मग व्ही-नॉचचे फंक्शन स्वतः लिहा आणि त्याला शून्य, उणे तीन मिलिमीटर, उणे तीस सेंटिमीटर, रिकामे मूल्य आणि देवनागरीतले ०.२ अशी पाच वाचने द्या. कोणत्या वाचनाला काय उत्तर यावे, ते फंक्शन चालवण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवा. पहिले प्रकरण त्या कागदापासून सुरू होते.