चवली, पावली आणि भातुकली

पुण्यातल्या तुळशीबागेत रामाच्या देवळाचं बांधकाम सुरू झालं ते १७६१ साली, म्हणजे पानिपताच्या वर्षी. ते बांधणारे सुभेदार नारो अप्पाजी खिरे पुढे तुळशीबागवाले म्हणूनच ओळखले जाऊ लागले. देवळाभोवती हळूहळू दुकानं थाटली गेली. समया-निरांजनांच्या शेजारी भातुकलीही मांडली जाऊ लागली: बोटभर पळ्या, मुठीत मावणारा बंब, घागर, जातं, पोळपाट-लाटणं.

भाऊबीजेला बहिणीसाठी यातलं काही घ्यायचं, तर साठवलेल्या पैशांचा मेळ घालणं आलंच. १९५७ पर्यंत हा मेळ सोपा नव्हता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. दहा आण्यांच्या घागरीला रुपया दिला, तर सहा आणे परत यायला हवेत. म्हणजे एक पावली (चार आणे) आणि एक चवली (दोन आणे). अक्षरओळख नसलेलं पोरही नाणी ओळखायचं, कारण चवली चौकोनी आणि आणा कंगोऱ्यांचा. १९४३ पासून तर धातू वाचवण्यासाठी पाडलेला भोकाचा पैसाही हाती येऊ लागला.

शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेतले जात. त्यांचा उपयोग इथे होई. पावणेदोन आण्यांना एक वाटी, तर तीन वाट्या कितीला? हुशार मूल दोन आण्यांच्या हिशेबाने सहा आणे धरायचं, त्यातून तीन पाव म्हणजे पाऊण आणा वजा करायचं आणि सव्वापाच आणे पुढे करायचं. पाटी नाही, पेन्सिल नाही. वर घासाघीस करायची ती वेगळीच.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली.

रुपयाचे आता शंभर नवे पैसे झाले. दहाच्या पाढ्यावर सगळं भागणार, म्हणून मुलांचं काम हलकं व्हायला हवं होतं. पण जुनी नाणी एकदम गेली नाहीत. काही वर्षं दोन्ही चलनं गल्ल्यात एकत्र नांदली आणि दुकानांत रूपांतराचे तक्ते लागले. पावलीचे बरोबर २५ नवे पैसे होत, पण आण्याचे होत सव्वासहा, आणि सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? म्हणून तक्त्यात आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे ठरले.

यातली फट मुलांच्या नजरेतून सुटण्यासारखी नव्हती. आण्याला एक अशा चार पळ्या एकदम घेतल्या तर २५ नवे पैसे. त्याच चार पळ्या एकेक करून चार वेळा घेतल्या, तर २४. १९६४ च्या जूनमध्ये ‘नवे’ हा शब्दही गळाला आणि पैसा नुसता पैसा झाला.