भोपळा नसलेली गिटार

मी मिरजेचा. शाळेच्या वाटेवर सतारमेकरांची दुकानं लागत. घोडीवर हलक्या हाताने कानस फिरवत जवारी लावणारे कारागीर बघत मी रेंगाळायचो. एकदा नुसती ताणलेली तार छेडून ‘वाजतेय की’ म्हणालो, तर एक म्हातारा कारागीर म्हणाला, “बाळा, तार वाजतीया, पण भोपळ्याबिगर ऐकणार कोण?”

२००६ साली पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत मी इलेक्ट्रिक गिटारची वायर लॅपटॉपच्या माईकच्या जॅकमध्ये लावली, तेव्हा ते वाक्य आठवलं. भिंतीपलीकडे आजारी आजोबा होते, ॲम्प लावण्याची सोय नव्हती. साधी वाजवली की गिटार मलूल लागे. आवाज मुद्दाम फाडणारं डिस्टॉर्शन वाढवलं की डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी किरकिर सुरू होई.

मलूलपणाचं कारण लवकर कळलं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. त्याला पुढे सुमारे दहा लाख ओहमचा इनपुट लागतो. माईकच्या जॅकमध्ये तो काही हजारांचाच असतो, म्हणून वरचे सूर तिथेच मरतात. गिटारसाठी वेगळा इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस घेतला आणि ते दुखणं गेलं. किरकिर मात्र राहिली. तिचं मूळ शोधताना मी जुन्या रेकॉर्डिंगच्या हकिकतींत शिरलो.

डिस्टॉर्शनच्या वाटेवरचं एक मोठं वळण बिघाडातून आलं. १९६० साली अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा तुकडा फाटक्या, भरभरत्या आवाजात उमटला. तो तसाच ठेवला, आणि पुढच्या वर्षी गाणं गाजलं. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट बनवलं. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ म्हणून बाजारात आणलं. दोन वर्षांनी लंडनमध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा कागदच ब्लेडने चिरला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याला वेगळा आवाज हवा होता, त्याचा हात थेट स्पीकरकडे गेला होता.

१९६८ मध्ये बीटल्सनी ‘रेव्होल्यूशन’साठी याच्या उलट केलं. ॲम्प नाही, स्पीकर नाही. गिटार सरळ स्टुडिओच्या मिक्सरमध्ये, आणि मिक्सरचे ॲम्प्लिफायर झेपेल त्याच्या पलीकडे रेटलेले. ती धारदार, ओरबाडणारी गिटार ऐकली आणि मी खुर्चीत ताठ बसलो. ही तर माझ्या खोलीतली किरकिर! त्या गाण्याला ती हवीच होती. पण रोज, प्रत्येक गाण्यात ती कानाला सोसत नाही.

डिस्टॉर्शन सुराभोवती वरच्या स्वरांशांचं मोहोळ उठवतं. आमच्याकडे जवारीही स्वरांशच खुलवते, आणि भोपळा त्या झणकाराला अंग देतो. गिटारच्या ॲम्पमधला बारा इंची कागदी स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही बाहेर पडू देत नाही. मोहोळातल्या सगळ्यात वरच्या, बोचऱ्या माश्या तो अडवतो, आणि त्याची पेटी उरलेल्याला छाती देते. वर्षानुवर्षं आपण ज्याला गिटारचा आवाज म्हणत आलो, त्याचा निम्मा वाटा या स्पीकरचा आहे. लॅपटॉपच्या वाटेत तोच नव्हता.

हे ओळखून आधीच कामाला लागलेला माणूस म्हणजे ‘बॉस्टन’ बँडचा टॉम शोल्झ. पोलरॉईडमध्ये नोकरी केलेला इंजिनिअर. १९८२ मध्ये त्याने कमरेला अडकवता येईल एवढा ‘रॉकमन’ काढला. थेट हेडफोनवर वाजवा, आणि स्पीकरची ही गाळणी आतल्या सर्किटमध्येच. १९९८ मध्ये लाईन सिक्सचा लाल ‘पॉड’ आला आणि हेच काम आकडेमोडीने होऊ लागलं. संगणकावर मात्र तार छेडल्यावर आवाज उशिरा येण्याचं ग्रहण होतं. श्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या ‘एएसआयओ’ या ड्रायव्हर-पद्धतीमुळे ते बरंचसं सुटलं. १२८ सॅम्पलच्या बफरला तीन मिलिसेकंदही लागत नाहीत. येण्याजाण्याची सगळी बेरीज धरली, तरी दोन-तीन मीटरवरच्या ॲम्पचा आवाज कानापर्यंत यायला लागतो, साधारण तेवढाच वेळ.

आणि शेवटी भोपळाच सापडला. खऱ्या स्पीकरसमोर माईक ठेवतात, स्पीकरमधून एक ठरावीक चाचणीचा आवाज सोडतात आणि स्पीकरने त्याचं काय केलं, याचा ठसा फाईलमध्ये उतरवतात. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. तुमची गिटार त्या ठशातून गेली की त्या पेटीतून आल्यासारखी वाजते.

सॉफ्टवेअरमध्ये ॲम्पची पन्नास नावं बदलत बसणाऱ्या मुलांना मी कळकळीने सांगतो, आधी ही फाईल बदला. माईक मधोमध ठेवलेला ठसा टोचतो. दोन बोटं कडेला सरकवलेला लावला की आवाज मऊ होतो. डिस्टॉर्शन मी आता पूर्वीच्या निम्म्यावर ठेवतो. रात्री अकरानंतर हेडफोन लावून खालची जाड तार छेडतो, आणि बारा इंची कागद हलल्याचा तो धक्का कानात नीट लागेपर्यंत पुढची तार छेडत नाही.