नर्सबाईचा पगार

निपाणीकडच्या जुन्या माणसांना आजारपणं आठवतात ती रस्त्यांसकट. पोटाचं ऑपरेशन मिरजेच्या रस्त्यानं झालेलं असतं, मोडलेला पाय कोल्हापूरच्या सीपीआर इस्पितळात बसवलेला असतो आणि त्याहून अवघड काही निघालं तर बेळगाव गाठलेलं असतं. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. आमच्या घरात या रस्त्यांच्या गोष्टी आज्जीनं सांगितल्या, आजोबांनी सांगितल्या आणि सरकारी नोकरीत नर्स असलेल्या आत्तीनं सांगितल्या. तिघांचे काळ वेगळे, पण प्रत्येक गोष्टीत दोन प्रश्न असायचेच. दारापर्यंत कोण आलं? आणि त्याच्या येण्याचा खर्च कुणी उचलला?

आज्जीची गोष्ट मिरजेची. तिची थोरली जाऊ बाळंतपणात अडली. दुसऱ्या दिवशी सुईणीनं हात टेकले. बैलगाडीत कडबा पसरून, वर वाकळ टाकून तिला चिकोडी रोड स्टेशनापर्यंत नेलं आणि तिथून रेल्वेनं मिरजेला. बाळ गेलं, बाई वाचली. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत हॉस्पिटल उघडलं. त्यांच्या शस्त्रक्रियांची ख्याती दूरवर पसरली होती. पण मिरजेचं खरं देणं मला आज्जीच्या एका वाक्यात सापडतं. ती म्हणायची, "डाक्टर मोठा आसंल, पर रातभर उशाला बसली ती नर्सबाईच." त्या हॉस्पिटलनं इमारतीबरोबर माणसंही घडवली. याच मुलखातल्या मुलींना तिथं नर्सिंग शिकवलं गेलं आणि परक्या ठिकाणी घाबरून गेलेल्या खेड्यातल्या बाईशी तिच्या भाषेत बोलणारं कुणीतरी उभं राहिलं.

आजोबांची गोष्ट देवीच्या साथीची. त्यांच्या पिढीत गावोगाव चेहऱ्यावर वण असलेली माणसं होती आणि एखाद्या घरात डोळा गेलेलं माणूसही असे. लस टोचायला येणाऱ्या सरकारी माणसाला लोक 'देवी डॉक्टर' म्हणत. तो आल्याची कुणकुण लागली की पोरं कणगीमागं लपत. फिरकीची सुई दंडावर फिरली की दिवसभर रडारड. आजोबांच्या दंडावरचे ते गोल वण शेवटपर्यंत स्पष्ट दिसत.

त्या लशीचा एक मोठा स्रोत आमच्याच जिल्ह्यात होता. बेळगावच्या टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान आज सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ओळखीचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथं देवीची लस तयार होत असे, जनावरांच्या कातडीवर वाढवून. जुनी पातळ लस उन्हात लवकर निकामी व्हायची. गोठवून सुकवलेली लस आली आणि खेड्यापर्यंत पोचेतो ती टिकू लागली. देशात अशी लस बनवणाऱ्या चार संस्थांत पटवाडांगर, गिंडी आणि हैदराबाद यांच्या जोडीला बेळगाव होतं. सोव्हिएत संघाकडून आलेल्या कोट्यवधी मात्रा वेगळ्याच. १९७५ साली देवीचा रोगी दाखवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. त्याच वर्षी देशातला शेवटचा रुग्ण आसामात नोंदला गेला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं रोग संपल्याचं जाहीर केलं.

हा विजय लशीचा तर होताच. पण कुपीतली लस स्वतःहून कुणाच्या दंडात शिरत नाही. ती पिशवीत घेऊन वाडीवस्ती पायाखाली घालणारी, लपलेल्या पोराला समजावून बाहेर काढणारी, नोंदवहीत नाव लिहून आठवड्यानं फोड धरला का ते बघायला परत येणारी माणसं सरकारनं पगारावर ठेवली होती. इतका जुना रोग हटला, कारण कुपी आणि माणूस या दोन्हींसाठी पैसा सलग मिळत राहिला.

निपाणीची गोष्ट तंबाखूची. आज्जी आणि तिच्या बरोबरीच्या बाया ओसरीत बसून विड्या वळत. मांडीवर सूप, सुपात जर्दा. पत्र्याचं माप ठेवून पान कातरायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हजाराच्या हिशेबानं मजुरी. वखारीत काम करणाऱ्या बायांचे हाल वेगळे. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाई, खोकला कायमचा मुक्कामाला येई. मान, कंबर आणि बोटांची पेरं तर प्रत्येकीचीच दुखत. १९८१ साली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी निपाणीत मोठं आंदोलन केलं. गोळीबार झाला, माणसं मेली. शेतकऱ्याच्या भावाचा प्रश्न तेव्हा देशभर गेला. वखारीतल्या बायांचाही लढा होता, आणि 'तंबाकू चाकीला उब आली' या माहितीपटात तो नोंदला गेला.

या बायांच्या दवापाण्याचा पैसा कुठून आणायचा, याचं एक उत्तर १९७६ साली संसदेनं दिलं. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. हजार विड्यांमागं ठरावीक उपकर कारखानदाराकडून घ्यायचा आणि त्यातून विडी कामगारांसाठी दवाखाने, क्षयाचे उपचार, बाळंतपणाची मदत, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालवायच्या. ज्या धंद्यात फुफ्फुसं झिजतात त्याच धंद्यानं औषधाचा खर्च उचलावा, हा त्यामागचा न्याय मला आजही पटतो. विडी कामगाराचं ओळखपत्र आज्जीनं पेटीत लुगड्याच्या घडीखाली जपून ठेवलं होतं. ते दाखवलं की औषध मिळतं, आणि ते कुणाच्या मेहेरबानीचं नाही, हे तिला कळत होतं. दिवसभर वळलेल्या विड्यांमधूनच तो पैसा गेलेला होता.

२०१७ साली जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. योजना चालू आहेत, पण आता त्यांचा खर्च सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून होतो. ज्या कामासाठी पैसा गोळा केला त्याच कामाला तो बांधलेला असला तर त्याचा हिशेब मागता येतो. मोठ्या तिजोरीत मिसळलेल्या पैशासाठी दर वर्षी नव्यानं हात पसरावा लागतो. आरोग्याच्या निधीबद्दल जगभर चर्चा होतात, त्यातलं हे सूत्र निपाणीच्या ओसरीवर बसूनही समजतं.

आत्ती उपकेंद्रावर नर्स होती. नेमणूक झाली तेव्हा रजिस्टर कानडीत, पेशंट मराठी. तिनं कानडी शिकून घेतली. नियमानं सपाट मुलखात पाच हजार लोकांमागं एक उपकेंद्र. म्हणजे चार-पाच गावं, मळ्यातल्या वस्त्या, लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, कुटुंबनियोजन, हिवतापाची रक्ततपासणी, आणि रात्री-अपरात्री बाळंतपणं. तिला सगळ्यात भीती होती ती बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची. बाळ सुखरूप रडतं, घरातले पेढ्यांच्या गोष्टी बोलू लागतात, आणि आतल्या खोलीत आई पांढरी पडत जाते. "लुगड्यानं पुसलेल्या रगताचं माप कोण घेतंय?" असं ती म्हणायची. डोळ्यांच्या अंदाजावर भिस्त. अंदाज चुकला की गाडी मिळेपर्यंत उशीर झालेला असायचा. रक्त थांबवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंडाव्यात ठेवावं लागतं आणि उपकेंद्रात विजेचा भरवसा नाही.

याच प्रश्नावर बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात एक प्रयोग झाला. केएलई संस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतले संशोधक यांनी तो मिळून केला. १६२० बायका त्यात सहभागी झाल्या. बाळंत होताच निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. मिसोप्रोस्टॉलला थंडावा लागत नाही, सुई लागत नाही. किती रक्त गेलं हे मोजण्यासाठी बाळंतिणीखाली प्लास्टिकचं एक खास कापड अंथरलं जाई. त्याला खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेषा. औषध घेतलेल्या बायकांत जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं, आणि जिवावर बेतणारा रक्तस्राव १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. २००६ साली 'द लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष छापून आले. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. पुढं केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या इस्पितळांत असंच मोजमापाचं कापड आणि उपचारांची ठरलेली क्रमवारी वापरली गेली, तेव्हा गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी घटल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालं.

या कामात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. बेळगावच्या प्रयोगात बाळंतपणं केली, गोळी दिली आणि रक्त मोजलं ते २५ सहायक परिचारिकांनी. आत्तीसारख्याच बायांनी. त्यांच्या हातून झालेल्या नोंदी जगातल्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकाच्या कसोटीला उतरल्या. पुढं याच जिल्ह्यात नवजात बाळाला श्वास घ्यायला मदत कशी करायची याचं प्रशिक्षण ५९९ कर्मचाऱ्यांना दिलं. त्यानंतर, प्रसूतीच्या वेळीच दगावलेल्या बाळांचं प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आलं. मोठी यंत्रं आणली नव्हती. कामावर असलेल्या माणसांना शिकवलं, साधं साधन हाती दिलं आणि त्यांच्या नोंदींवर विश्वास ठेवला.

मग अशी माणसं टिकवतो का आपण? गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०३० पर्यंत एक कोटीहून अधिक आरोग्य कर्मचारी कमी पडतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडं २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली. हजार वस्तीमागं एक बाई. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातल्या त्याच आशा बंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये थंडीत धरण्याला बसल्या. महिन्याला किमान दहा हजार रुपये मिळतील, असं आश्वासन घेऊन त्या परतल्या. सरकारच्या लेखी आशा अजून स्वयंसेविका आहे. मानधन आणि कामाप्रमाणे पैसे, पगार नाही.

नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीनं १९४६ सालीच सांगून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराला मुकता कामा नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्या वर्षी आरोग्यावर झालेल्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होतं, तेव्हा वाट बरोबर आहे. पण चाल मंद आहे.

आमच्या सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक गाठ आहे. १९५६ पासून आम्ही महाराष्ट्रात असावं की कर्नाटकात हा वाद चालू आहे, तो सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२३ साली महाराष्ट्रानं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, त्यावर कर्नाटक सरकारनं हरकत घेतली. करोनाच्या काळात कोगनोळीच्या नाक्यावर कागद दाखवल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. सीमेचा निकाल लागायचा तेव्हा लागो. मिरजेला, कोल्हापूरला किंवा बेळगावला निघालेल्या रुग्णाचं बिल कुठल्या सरकारनं भरायचं, हे दोन्ही राज्यांना आपसात आजच ठरवता येईल. विमा योजना हव्यातच, पण त्या मोठ्या इस्पितळाच्या दारात गेल्यावर कामाला येतात. त्याआधीचं सगळं उपकेंद्रातली नर्स आणि आशा बघतात.

म्हणून गावात राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेला जा. आपल्या उपकेंद्रात नर्सच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि आशाताईंचे पैसे शेवटचे कधी जमा झाले, एवढं विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. मंत्री, आमदार मतं मागायला येतील तेव्हा तेच इतिवृत्त त्यांच्यापुढं ठेवा. आशाताईंना कायम नोकरी आणि दरमहा ठरल्या तारखेला पगार मिळालाच पाहिजे.