कतारगामचे घुमट आणि पापडी

गणपतीच्या देखाव्याला शिवचरित्रातला प्रसंग निवडला, की सुरतेतल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास येतो : "आपल्या महाराजांनी आपली सुरत का लुटली?" एकाच वाक्यात दोनदा आलेल्या या 'आपल्या'पुढे वडीलधारे गडबडतात. म्हणून यंदा आम्ही मंडळातल्या मुलांना घेऊन कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रजी कबरस्तानात गेलो.

बाहेर रिक्षांचा गोंगाट, आत जुने घुमट. त्यातला सर्वांत भव्य ऑक्झेंडन बंधूंचा. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला, सर जॉर्ज १६६९ मध्ये. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी बऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत तळ दिला, तेव्हा हा जॉर्ज इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता. मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. ऑक्झेंडनने मूठभर माणसांनिशी वखार राखली. पुढे औरंगजेबाने इंग्रजांना आणि डचांना जकातीत सवलत दिली.

मुलांना आम्ही दोन्ही बाजू सांगितल्या. शाएस्तेखान तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून होता, मुलूख उजाड झाला होता आणि सुरत हे मोगलांच्या दौलतीचे बंदर होते. कॅपुचिन पाद्री फादर अँब्रोझ यांच्या मठाला महाराजांनी धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो. पण शहराचा मोठा भाग जळाला, हेही खरे. पळालेल्यांत साधी माणसेही होती. १६७० मध्ये तेच पुन्हा घडले. महाराजांविषयीचा आदर या सांगण्याने उणावत नाही. लपवाछपवीने मात्र मुलांचा आपल्यावरचा विश्वास उणावतो.

जवळच्या डच कबरस्तानात व्हॅन ऱ्हीडचा घुमट आहे. मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हा डच अधिकारी १६९१ मध्ये सुरतेकडे येताना जहाजावरच वारला. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांचे प्रशस्तिपत्र देवनागरी अक्षरांत आहे. १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेली आपली लिपी! हे ऐकून मुले त्या थडग्याकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागली.

परतताना आम्ही तापीकाठी थांबलो. हे पाणी भुसावळवरून, प्रकाशावरून वाहत येते. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबाही त्याच वाटेने आले. या नदीच्या गाळावर कतारगामची शेती पोसली. घुमटांना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे; शेतांना कोणाचेच नव्हते. तिथे हिऱ्यांचे कारखाने आणि इमारती उभ्या राहिल्या. उरले ते नाव : थंडीत भाजीवाला आजही "कतारगामनी पापडी" अशी हाक देतो आणि आपल्या घरी उंधियूची तयारी सुरू होते.

मुलांच्या प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच : महाराज आपले, सुरतही आपली. एकाचा अभिमान बाळगायला दुसरीचे दुःख विसरावे लागत नाही. पुढच्या जानेवारीत उंधियूच्या पातेल्याभोवती बसाल, तेव्हा मुलांना ही गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगा.

गणपती बाप्पा मोरया!